दुधीचा पहिला घोट

“रॉकीला पाज की आधी,” पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला.

सगळे हसले. रॉकी म्हणजे बंगल्यातला कुत्रा. तपकिरी, लांब कानांचा, व्हरांड्यातल्या गार लादीवर पसरलेला.

“छे, त्याचं पोट फार नाजूक आहे,” मॅडम म्हणाल्या. “ही आहे ना.”

ही म्हणजे मी. पायरीखाली उभी. दुधीची पाटी नुकतीच डोक्यावरून उतरवली होती, चुंबळ अजून हातात होती. बंगल्याचे रखवालदार बारकूदादा आतून मिक्सरचं भांडं घेऊन आले. खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला त्यांनी सरळ केला, त्यात हिरवट रस ओतला आणि माझ्या हातात दिला. तो पेला माझा. घरात तो कधी गेला नाही. प्यायचं, बाहेरच्या नळावर विसळायचा, परत कट्ट्यावर पालथा घालायचा. माझ्या आधी तो माझ्या सासूचा होता.

“पी,” साहेब म्हणाले.

मी प्यायले. एका बाईने मोबाइल वर धरून माझं शूटिंग केलं.

“कसा आहे?”

“गोड हाय.”

“थांब आता. लगेच पळू नकोस.”

मी पायरीशी उकिडवी बसले. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते, मधूनच मनगटावरच्या घड्याळाकडे. मला काही होतंय का, ते बघत होते. मला काही झालं नाही तर साहेब पिणार. झालं तर नाही पिणार. त्यासाठी मी तिथे होते. पाहुण्यांचा चहा आला, पोहे आले, गप्पा सुरू झाल्या. मग साहेबांनी आपला काचेचा ग्लास उचलला आणि माझ्याकडे न बघता हात हलवला. जा.

मी पाटी उचलली आणि फाटकातून बाहेर पडले. नाक्यावर जाऊन बसायचं होतं, उशीर झाला होता.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते. ढग गडगडले तरी माझ्या छातीत धडधडतं. साप दिसला की मी शेत सोडून पळते आणि नवरा आठवडाभर चेष्टा करतो. तलाठी आला, पोलीस आला, नुसती पांढरी गाडी आली तरी माझे हात गार पडतात. तेव्हा मी काही वाघीण वगैरे नाही. पुढे जे सांगते आहे ते एका भित्र्या बाईचं आहे, तसंच ऐका.

आमचं शेत कर्जत तालुक्यात, कळंबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. खाली भाताची खाचरं, वर थोडी चढाची जागा. भात घरात खायला. विकायला भाजी. पावसाळ्यात वरच्या जागेवर आम्ही बांबू-तारेचा मांडव घालतो. त्यावर दुधी, शिराळी, पडवळ, कारली. भात कापलं की खालच्या ओलीत वाल टाकतो. भाजी तोडायची, पाटीत भरायची, नाक्यावर बारदान पसरून बसायचं. शनिवार-रविवारी रिसॉर्टच्या गाड्या थांबतात. लोक दुधीला नख लावून बघतात कोवळा आहे का, आणि घेत नाहीत. नख लागलेली जागा दुपारपर्यंत काळी पडते. मग तो दुधी आम्ही घरी आणून खातो. आमच्या घरात दुधी नख लागलेलाच शिजतो.

शेतातून सडकेला यायला एकच वाट. जुनी, बैलगाडीची. सासऱ्यांचे वडील त्याच वाटेने यायचे. त्या वाटेच्या दोन्ही अंगांची जमीन कुणी कुणी विकली, ती साहेबांनी घेतली. मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते, निवृत्त होऊन इथे राहायला आले. त्यांनी भोवती भिंत घातली. भिंतीच्या आत बंगला, बाग, आणि आमची वाट. सडकेच्या तोंडाशी लोखंडी फाटक. दुसऱ्या अंगाने यायचं तर मधे ओहोळ आहे. उन्हाळ्यात त्यात पायाची बोटंही भिजत नाहीत. पावसाळ्यात तो छातीला लागतो आणि माणसाला ओढतो. आमच्या वाडीतली एक म्हैस त्याने नेलेली मी स्वतः पाहिली आहे.

भिंत झाली तेव्हा नवरा हात जोडून साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, “अरे, जा-ये करा की. आम्ही काय माणसं नाही का?” नवरा खूश होऊन घरी आला. वाट आमची होती आणि आम्ही त्यांचे उपकार मानत होतो. हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि त्या पेल्याची सुरुवात तर आमच्याच हातून झाली.

आमच्यात रीत आहे. दुधी, काकडी, शिराळं चिरायला घेतलं की देठाकडची चकती काढून जिभेला लावायची. गोड लागली तर चिरायचं. कडू लागली तर तिथल्या तिथे थुंकायचं आणि अख्खं फळ उकिरड्यात. जो चिरतो तो चाखतो. घरची सून असो, सासू असो, पाहुणी असो. यात काही कमीपणा नाही. सासूने पहिल्यांदा बंगल्यावर दुधी दिला तेव्हा तिने मायेने चकती काढली, जिभेला लावली आणि म्हणाली, “गोड हाय सायेब, बिनघोर खावा.” साहेबांना ते आवडलं. पुढच्या वेळी ते म्हणाले, चाखून दे. मग म्हणाले, नुसती जिभेला लावू नको, खा. मग त्यांच्या फोनवर काहीतरी आलं. कुठेतरी कोणीतरी कडू दुधीचा रस पिऊन दगावलं म्हणे. साहेब हृदयासाठी रोज दुधीचा रस प्यायचे. त्या दिवसापासून पेला खिडकीवर आला. थुंकायची सोय गेली.

सासू काही वर्षं प्यायली. तिचे गुडघे गेले, उतरणीवरून पाटी आणणं जमेना. मग मी.

“मला भीती वाटते आये,” मी पहिल्या दिवशी म्हणाले होते.

“घोटभर तर हाय गं,” सासू म्हणाली. “आपलाच दुधी. गिळायचा न् यायचा. फाटक बंद केलान् तर काय खाशील?”

मी गिळत राहिले.

त्या वर्षी श्रावणात मांडव असा लागला होता की खालून चालताना दुधी डोक्याला लागायचे. नवीन वेलांचा पहिला तोडा होता. सासूने गेल्या वर्षी घरचं बी धरलं होतं, त्याचे हे वेल. पाहुणे-रावळे नव्हते. बंगल्यावर साहेब, मॅडम, बारकूदादा आणि कुत्रा. रिमझिम चालू होती. मी पाटी उतरवली. साहेबांनी स्वतः निवडून एक दुधी काढला, सरळ, हिरवागार, अंगावर लव असलेला. बारकूदादा आत घेऊन गेले. मिक्सर फिरला. माझा पेला सरळ झाला.

पहिला घोट जिभेवर आला आणि मला कळलं.

कारलं कडू असतं, पण ते अन्नाचं कडू. हे तसं नव्हतं. जीभ आखडून आत गेली. कानामागे झिणझिणलं. अंगातलं सगळं म्हणत होतं, थुंक. थुंक आत्ताच्या आत्ता. लहानपणापासूनची सवय म्हणत होती, थुंक.

साहेब बघत होते. मागे फाटक होतं. अर्धं उघडं.

मी गिळलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पेल्यात अर्धा रस उरला होता, आणि मी नेहमी पूर्ण पेला पिते. आज अर्धा ठेवला तर विचारतील. म्हणून मी तोही प्यायले. पूर्ण.

“कसा आहे?”

“गोड हाय.”

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने. विष पोटात, आणि तोंडात गोड हाय. मी ठरवून बोलले नाही. ते आपोआप आलं. इतकी वर्षं तेच बोलत होते ना.

मी पायरीशी बसले. पाऊस अंगावर येत होता. पोटात काहीतरी वळवळायला लागलं. हे होईल ते आपल्यालाच होईल, घरी जाऊन ओकू, ताक पिऊ, झोपू, असं काहीतरी मी स्वतःला सांगत होते. त्या दिवशी साहेब नेहमीएवढं थांबले नाहीत. पावसाने कंटाळले असतील, किंवा माझ्यावर विश्वास बसला असेल. त्यांनी ग्लास उचलला.

तेव्हा मला उमगलं. हे पिणार. हे म्हातारं, हृदयाचं दुखणं असलेलं माणूस हे पिणार, आणि मी गोड म्हणाले आहे.

“नका पिऊ!” मी ओरडले. “सायेब, नका! कडू हाय!”

ग्लास ओठाशी थांबला.

कुणी म्हणेल, बघा, गरिबाचं मन किती मोठं. तसं काही नव्हतं. मला दया आली नाही. मला दिसलं ते एवढंच, हा मेला तर मला धरतील. पोलीस येतील, नवऱ्याला धरतील, सासूला धरतील. मी त्यांना वाचवलं तेही भीतीनेच.

साहेबांनी ग्लास टेबलावर ठेवला. ठेवताना तो कलंडला.

“मग गोड कसं म्हणालीस?”

मी पायरीची कड घट्ट धरली.

“मी विचारतोय काहीतरी. गोड कसं म्हणालीस?”

मी ओठ दाबून धरले. तोंड उघडलं असतं तर उलटी आली असती.

“मारायला निघाली होती मला,” साहेब मॅडमना म्हणाले. एक थेंबही पोटात गेला नव्हता, तरी ते नळाशी जाऊन चुळा भरायला लागले. मॅडम त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. “छातीत दुखतंय का? बसा, बसा तुम्ही. डॉक्टरांना फोन लावू?”

मी पायरीवर हात टेकून उठायला गेले आणि तिथेच ओकले.

“इथं नको! इथं नको!” मॅडम किंचाळल्या. “बारकू, बाहेर ने तिला. फाटकाबाहेर ने!”

मी दुसऱ्यांदा ओकले. डोळ्यांपुढे काळं आलं. तेवढ्यात कुत्रा उठून माझ्याजवळ आला, वास घ्यायला लागला.

“रॉकी! ए रॉकी! चाटू नकोस ते! ये इकडे, ये बाळा!”

माझ्या आयुष्यात मी खूप बोलणी खाल्ली आहेत. नाक्यावर, बाजारात, कचेरीत. ती मी विसरते. हे विसरले नाही. बारकूदादा सोडले तर तिथे चार जीव होते. साहेब, मॅडम, कुत्रा आणि मी. त्या रसाची भीती साहेबांसाठी वाटली, कुत्र्यासाठी वाटली. जिच्या पोटात तो होता तिला, तुला कसं वाटतंय, एवढं कुणी विचारलं नाही. बारकूदादांनी दंडाला धरून मला फाटकाबाहेर नेलं, भिंतीशी बसवलं, आणि हळूच नवऱ्याला फोन लावला. मालकाला दिसू नये म्हणून ते भिंतीआड उभे राहिले होते. तेही माझ्यासारखेच.

नवऱ्याने मला मोटरसायकलवर पुढे बसवलं आणि एका हाताने धरून कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रस्त्यात दोनदा थांबलो. शेवटच्या उलटीत रक्ताची तार होती. ती बघून मी त्याला म्हणाले, “अवो, मी मरते का?” त्याने गाडी जोरात हाणली. माझ्या पाठीला टेकलेली त्याची छाती माझ्यापेक्षा जास्त कापत होती.

सलाईन लावताना सिस्टरने विचारलं, “काय खाल्लंत?”

“दुधीचा रस.”

“कडू लागला नाही?”

“लागला.”

“मग थुंकायचं ना बाई! गिळलात कशाला? आणि कच्चा रस प्यायला सांगितला कुणी?”

“कुणी नाय,” मी म्हणाले.

बघा. मरणाच्या दारात पडले होते आणि तरी मी साहेबांना सांभाळत होते. फाटक तिथे दवाखान्यातही माझ्यासमोर होतं.

पडल्या पडल्या छताच्या पंख्याकडे बघत होते. साहेब आणि सिस्टर, दोघांनी एकच विचारलं होतं. गोड कसं म्हणालीस. थुंकलं का नाहीस. मी तेच घोळवत राहिले. माझी जीभ तर चांगली आहे. नवऱ्याच्या चहात साखर कमी पडली तर मला जिभेच्या टोकावर कळतं. मग त्या जिभेने विषाला गोड का म्हटलं? आणि मला अंगावर काटा आला. दुधीपेक्षा त्याचा. उद्या हे लोक माझ्या हाताने काय वाटेल ते करवून घेतील आणि मी गोड म्हणत राहीन, याची भीती मला तिथे वाटली. आधीच्या सगळ्या भीतींहून ती मोठी होती.

घरी आले तर सासू उंबऱ्यात बसलेली. डोळे सुजलेले.

“माज्यामुळं झालं गं,” ती म्हणाली.

तिच्या ध्यानात आलं होतं. आमच्या कुंपणावर नवऱ्याने कडू भोपळ्याचा वेल सोडला होता. ते भोपळे खायचे नसतात. वाळवून, पोकळ करून ठेवतात आणि पोरं नदीवर पोहायला शिकताना पाठीला बांधतात. आमच्याकडे बऱ्याच घरांतून असा वेल असायचा. गेल्या वर्षी दुधीचा एक वेल त्याच कुंपणाला चढला होता, कडू भोपळ्याच्या अंगाला अंग लावून. फळ सुरेख आलं होतं, म्हणून सासूने बी त्याचंच धरलं. फुलाफुलात काय देवघेव झाली ती बियात उतरली. वरून दिसतं होय?

“आता रडून काय होतंय,” मी म्हणाले. “चल, बघू कंचे कंचे वेल कडू हायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मांडवाखाली गेलो. पायात ताकद नव्हती, पण गेले. एकेका वेलाचा एकेक दुधी विळ्याने कापायचा, चकती जिभेला टेकवायची.

“गोड,” सासू म्हणाली. पुढच्या वेलाशी गेली. “गोड.” पुढचा. “थू! थू! कडू गं, लई कडू!”

आणि तिने तो वेल बुडातून उपटला.

मी पुढची चकती घेतली. जीभ लागली न लागली तोच थुंकले. “कडू!” मी ओरडलेच. इतक्या मोठ्याने की खालच्या खाचरातले बगळे उडाले. सासू दचकून माझ्याकडे बघायला लागली. मला हसायला आलं आणि हसता हसता रडायला आलं. किती सोपं होतं ते. जिभेला लागलं, थुंकलं, नाव सांगितलं. माझ्या मांडवाखाली मला ते येत होतं. शंभर पावलांवर, त्या पायरीशी गेलं की येत नव्हतं.

संध्याकाळच्या आत बारकूदादा आले. अंगणात उभेच राहिले.

“सायेब म्हनतात, झालं ते झालं,” ते मान खाली घालून म्हणाले. “त्यांनी मनावर घेतलं नाय. फाटक उघडं हाय. पन यापुढं रस तू प्यायचा न् तासभर तिथंच बसायचं. त्यांच्या डोळ्यापुडं.”

“आनि मी कशी हाय ते इचारलं का त्यांनी?”

बारकूदादा चपलेच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मग म्हणाले, “मी इचारतो ना. कशी हायस गं?”

गणपती तोंडावर आले होते. गौरीच्या भाज्यांना आमच्याकडे वर्षातला सगळ्यात चांगला उठाव. चांगल्या वेलांवरचे दुधी भरले होते, शिराळी लोंबत होती. दोन दिवस तोडलं नाही की शिराळं जून होतं, त्याची घासणीच करायची. नवरा रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन नुसता बसला होता.

“मी पितो,” तो म्हणाला. “तू जाऊ नको. मी जातो उद्या पाटी घेऊन.”

“नाय.”

“मग काय करायचं? मान्सानं काय करायचं सांग ना!”

तो रागाने बोलत नव्हता. घाबरला होता. मीही घाबरले होते. आमचं घर त्या दिवशी सगळं भीतीचं होतं, सासूपासून मांजरापर्यंत.

सकाळी मी पाटी भरली. साहेबांसाठी एक दुधी वेगळा ठेवला, गोड वेलाचा, माझ्या जिभेने पारखलेला. बंगल्याच्या पायरीशी गेले. पाटी उतरवली. साहेब खुर्चीत होते. त्यांनी मला एकदा बघितलं आणि बारकूदादांना खूण केली. बारकूदादांनी पेला सरळ केला.

मी पुढे झाले, पेला त्यांच्या हातातून घेतला आणि कट्ट्यावर पालथा घातला. आवाज झाला.

“मी पिनार नाय,” मी म्हणाले.

माझा आवाज फाटला. तो काही रुबाबदार नव्हता. पण निघाला.

साहेबांनी चष्मा काढला. “काय म्हणालीस?”

“हा दुधी गोड हाय. मी घरी चाखलाय न् आनलाय. तुमाला घ्यायचा तर घ्या. आमच्यात जो चिरतो तो चाखतो. चिरताना देठाची चकती जिभेला लावायची, कडू लागली तर थुकायचं. तुमी लावा. मॅडम लावतील. मी तुमच्यासाठी गिळनार नाय.”

“परवा जीव घेत होतीस माझा, आणि आज मला शिकवतेस?”

“परवा तुमी इचारलं, गोड कसं म्हनालीस,” मी म्हणाले. हात पदराच्या आत मुठी वळून धरले होते, कापताना दिसू नयेत म्हणून. “आज सांगते. तुमच्या फाटकाच्या भ्यानं म्हनाले. इतकी वरसं तुमी माज्याकडनं दुधी चाखून घेत नव्हता. मी किती भिते ते चाखत होता. ज्याला तुमचं भ्या हाय तो तुमाला खरं कसं सांगंल? ते कडू हाय म्हनून वरडले तेच तुमचं नशीब.”

मॅडम दारात आल्या होत्या. कुत्रा शेपूट हलवत होता. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

साहेबांनी चष्मा परत घातला. मग अगदी शांतपणे, मला वाटलं होतं त्याहून शांतपणे म्हणाले, “बारकू, ही बाहेर गेली की फाटकाला कुलूप लाव. यांची वाट बंद.”

हेच. याच दोन वाक्यांना मी इतकी वर्षं भ्याले होते. ती ऐकून झाली आणि मी उभीच होते. डोळ्यांत पाणी होतं, पण उभी होते. मी पाटी उचलली. साहेबांसाठी आणलेला दुधी त्यांच्या टेबलावर ठेवला नाही. पाटीत परत टाकला. पुढे नाक्यावर तो शाळेतल्या एका बाईंनी नख न लावता घेतला.

फाटकाबाहेर पडले तोच मागे कुलूप लागल्याचा आवाज आला होता.

आता पावसाळ्यातली रोजची गोष्ट सांगते. माळ्यावर वाळवून ठेवलेले सात-आठ कडू भोपळे होते. नवऱ्याने ते खाली काढले, दोरीने एकमेकांना बांधले आणि वर बांबूची ताटी टाकली. त्यावर पाट्या घट्ट बांधायच्या. ओहोळाच्या दोन्ही काठांच्या झाडांना दोर. एका हाताने दोर धरायचा, दुसऱ्याने ताटी ढकलायची. पाणी छातीशी येतं, पायाखालची वाळू सरकते. मला पोहता येत नाही. माझ्या पाठीलाही एक भोपळा बांधलेला असतो, लहान पोरांना बांधतात तसा. पहिल्या दिवशी मध्यावर गेले आणि किंचाळले. नवरा दोर धरून ओरडत होता, “खाली बघू नको गं, माज्याकडं बघ, माज्याकडं!” सासू अलीकडच्या काठावर बसून देवाचं नाव घेत होती. पलीकडे पोचले तेव्हा माझे दात वाजत होते. गौरीची भाजी त्या वर्षी ओहोळातून गेली.

वाटेसाठी तहसीलला अर्ज केला आहे. नवरा प्रत्येक तारखेला जातो, आता मीही जाते. तिथल्या बाकावर बसले की हात गार पडतात. साहेबांचा वकील माझ्याकडे बघून हसतो. वाट मिळेल की नाही, मला माहीत नाही. बारकूदादा मधे एकदा सांगून गेले की पेला अजून खिडकीवर आहे. दुसरं कुणीतरी दुधी घेऊन यायला लागलं तर लागेल म्हणून ठेवला असेल. वाडीतल्या ज्या ज्या बाया भाजी विकतात त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन आले. प्रत्येकीला सांगितलं, तिथे काय प्यावं लागतं आणि तोंडातून काय निघतं. दोघीजणी घाबरून मला घरातच घेईनात. त्यांच्याकडे मी परत जाणार आहे.

माझी भीती गेली नाही. पावसाळ्यात ओहोळ रोज भीती दाखवतो, कचेरी दाखवते, रात्री कुत्रं भुंकलं तरी मी उठून बसते. ती राहू दे. पण जीभ माझी आहे. दुधी असो, साहेब असो की त्यांचा वकील असो, कडू लागेल त्याला मी कडू म्हणणार. पहिल्याच घोटाला, थुंकून, सगळ्यांच्या देखत.